काम शून्य

एप्रिलच्या परीक्षेत डार्करूमचं दार मीच लावतो.
काळ्या पडद्याले तीन भोकं आहेत, मले पाठ;
एकातून ऊन सुईसारखं आत येते,
त्यावर चिकटपट्टी मारतो.
कूलर बंद ठेवा लागते, फुगा थरथरतो म्हणून,
अन् चव्वेचाळीस डिग्रीत पोरं
रीडिंगच्या वह्या कोपरानं भिजवतात.

दोन कॉइल समोरासमोर, परातीएवढ्या.
मधात काचेचा फुगा, त्यात जराशी गॅस.
बंदूक म्हणतात तिले, पण आवाज नाही.
एक निळसर रेघ निघते,
उमरेड रोडसारखी सरळ.

मग कॉइलमधे करंट सोडायचा.
रेघ वळते. कोणी हात लावत नाही.
वळत वळत आपल्याच शेपटाशी येते
अन् बांगडी होते.
व्होल्टेज वाढवलं की बायकांच्या मापाची,
करंट वाढवला की पोरीच्या मनगटाची.
टेबलावर खडूची खूण आहे, उत्तर-दक्षिण,
कारण नागपूरच्या जमिनीचंही आपलं थोडं चुंबकत्व आहे:
शून्य दशांश अडतीस गॉस, भिंतीवरच्या कागदावर.
तेही धरूनच हिशोब.

यंदा अमरावतीहून देऊळकर मॅडम आल्या.
समोर देवलापारची उईके, ओढणीचं टोक मुठीत.
"चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनवर काम किती करतं?"
"शून्य, मॅडम."
"वेग वाढतो?"
"नाही."
"कमी होतो?"
"नाही."
"मग करतं तरी काय?"
उईके गप्प. बांगडी जळत होती.
मी कोपऱ्यात फ्यूजची तार धरून उभा,
एकतीस वर्षांपासून उत्तर ठाऊक असलेला,
अन् मले कोणी विचारत नाही.

मॅडम, ते पुढं ढकलत नाही.
मागं ओढत नाही.
थांबलेल्याले तर ओळखतही नाही.
चालत्याच्या बाजूले उभं राहते, काटकोनात,
दर पावली, बस.

माझं पाह्यलं तर,
पगाराच्या दिवशी सायकल सरळ इंदोऱ्याच्या त्या दुकानाकडं जायची
जिथं बाकावर माझी जागा झिजून चिकनी झाली होती.
रत्नमालानं कधी शिवी नाही दिली, किल्ली नाही लपवली.
दारात आडवी उभी राहून, साडीचा फॉल लावता लावता,
दात दोऱ्यावर ठेवूनच म्हणायची:
येता येता सांभार आणजा.
सांभार कमाल चौकात. दुकान उजव्या हाताले, बाजार डाव्या.
हँडल वळायचं.
रोज दोन रुपयांचा सांभार! दोन माणसांच्या घरात
एवढा सांभार कोण खाते?
तिच्या नावावर काम किती लिहू, मॅडम?
माझा वेग तोच राह्यला. रागही तोच.

परीक्षा संपली. मॅडमचा चहा झाला.
सरांनी सांगून ठेवलंय, फुगा हलवायचा नाही.
मी बोटभर तिरपा केला.
बांगडीचं तोंड उघडलं,
रेघ आपल्याच जागी परत येता येता चुकली,
जराशी पुढं सरकली, पुन्हा फिरली, पुन्हा सरकली,
पेनातल्या स्प्रिंगसारखी काचेपर्यंत गेली.
उईके बॅग घ्यायला आली होती. म्हटलं, ये, पाह.
ती वाकली. नाकावर निळा उजेड.
"काका, हे सिलॅबसमधे आहे?"
"असंन. पान मले नाही ठाऊक."

स्विच बंद केले. फिलामेंट थोडा वेळ लाल राह्यलं.
कुलूप, सायकल, झिरो माइलच्या खांबाजवळून घराकडं.
रत्नमाला चार महिन्यांपासून गोंदियाले,
पोरीच्या बाळंतपणाले; फोनवर बाळाचंच सांगते,
सांभाराचं नाव नाही.
क्षेत्र काढलं की कण सरळ जातो,
हे तर पहिल्याच पानावर आहे.

फ्रिजमधे सहा जुड्या वाळून राह्यल्या.
आजची सातवी.